न दुखणारी पावलं

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारते — दुखणं ही देवाची शिक्षा, की देवाचा निरोप? लगेच उत्तर देऊ नका! मीही चुकले होते.

आमच्या गावदेवीचं नवरात्र. नऊ दिवस अनवाणी राहायचा आम्हा बायकांचा नेम. सातवी माळ, भर दुपार, देवळाची फरशी म्हणजे नुसता तवा! आम्ही प्रदक्षिणा घालतोय — कशा? टुणटुण उड्या मारत! हसू नका, तुम्ही काय वेगळं करता?

बोट तव्याला लागलं की काय होतं हो? बोटातल्या नसा, दोऱ्यांहून बारीक, निरोप घेऊन धावतात पाठीच्या कण्याकडे. मेंदू बसलाय वर माडीवर. कणा त्याची वाट बघत नाही! म्हणतो, ‘आधी हात काढ, मालकांना मग कळवू!’ हात मागे येतो, आणि मग तोंडातून निघतं — ‘आई ग!’ केवढी ही माया! आपण मागायच्या आधीच दिलेली.

पण त्या दुपारी आमच्यातल्या मनकर्णाबाई संथ चालत होत्या. एकवीस प्रदक्षिणा, कपाळावर आठी नाही! मागे फरशीवर लाल पावलं उमटली. कुणीतरी ओरडलं, “देवी चालली, देवी!” बायकांनी त्या पावलांवर हळदकुंकू वाहिलं. मीही वाहिलं, मंडळी. लपवत नाही.

धावली ती एकटी त्यांची सून, हेमलता. सकाळीच म्हणाली होती, “आई, तुम्हाला साखरेचा आजार, निदान चपला तरी घाला.” तर बाईंनी चारचौघींत सुनावलं होतं, “तुझी नाजूक पावलं तू सांभाळ!” तीच सून आता सासूचं पाऊल मांडीवर घेऊन बसली. टाचेचा फोड फुटलेला, आत बांगडीची काच! कधी रुतली, बाईंना पत्ताच नाही.

“दुखतंय ना, आई?”

“छे ग! देवीची कृपा. कितीतरी दिवसांत पाय दुखलेच नाहीत.”

“म्हणून तर भीती वाटते!”

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. म्हणाल्या, “साखरेनं नसा मुक्या झाल्यात, आजी. पाय ओरडतोय, पण वर ऐकूच जात नाही. जखम भरेपर्यंत पाऊल टेकायचं नाही. टेकलंत, तर पाय काढायची वेळ येईल.”

“दोन माळा राहिल्यात! व्रत मोडू? त्यापेक्षा पाय गेला तरी चालेल!”

हेमलतानं पाऊल पुन्हा मांडीवर घेतलं. मान खाली घालून पाऊल पुसत राहिली. तिच्या डोळ्यांतला एक थेंब बरोबर त्या पावलावर पडला. पावलाला कळला? नाही! पण बाईंनी तो पाहिला. डोळ्यांच्या नसा शाबूत होत्या ना — निरोप त्या वाटेनं गेला.

मग बाई हळूच म्हणाल्या, “हेमा... उरलेल्या माळा बसून केल्या तर देवी रागावेल का ग?”

“नाही रागावणार. मी उचलून नेईन तुम्हाला देवळात.”

“उचलशील? माझं वजन बघितलंस का कधी?”

आणि दोघी हसल्या हो! रडता रडता हसल्या.

पाय वाचला. अजून रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की हेमलता सासूचे तळवे बघते. बोटांच्या बेचक्यासुद्धा! तोच आता दोघींचा नेम.

मंडळी, देवीची कृपा त्या न दुखण्यात नव्हती. ती पाय मांडीवर घेणाऱ्या सुनेत होती, आणि आम्ही कुंकू फरशीवर वाहत बसलो! तुमच्या घरी कुणी म्हणतं ना, ‘मला काही होत नाही, माझं काही दुखत नाही’? आज घरी गेल्यावर त्यांच्यासमोर खाली बसा. पाऊल हातात घ्या. तळवा नीट बघा.

नमस्कार मग करा. वाकलेले असालच.