नमुना कसा सुकवला?

सर : एवढ्याशा प्रश्नासाठी पत्र कशाला? फोन केला असतास तर सांगितलं असतं.

मॅडम : फोनवरचं उत्तर धरत नाहीत, सर. अठ्ठावीस विद्यापीठांच्या मोजमापांचा सामाईक साठा आहे हा. ज्याचा आकडा साठ्यात जायचा त्याला लेखी प्रश्न, त्याचं लेखी उत्तर. नियम तुम्हीच शिकवलात. बसा ना. काका, ती खुर्ची मोकळी करता?

काका : करतो की. जपून हं साहेब, एक पाय डुगडुगतो. नवी मागून चार वर्षं झाली.

सर : तुम्ही अजून नोकरीत?

काका : पुढल्या महिन्यात सुटतो. तोवर वजनाचा काटा आणि मी.

सर : बाळ, मुद्द्याचं बोलू.

मॅडम : पन्नाशी उलटली माझी. बाळ नको.

सर : बरं. तेवीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध आत्ताच का उकरलास?

मॅडम : मी नाही उकरला. आणखी तीन गटांनी तेच मोजमाप केलं. तिघांचे आकडे जुळतात, तुमचा सहा टक्के खाली. सोमवारी समिती बसतेय. कारण सापडलं नाही तर चौघांची सरासरी काढतील, आणि तीन खऱ्यांना एक खोटा खाली ओढेल. त्यावर पुढे अणुभट्ट्यांची गणितं होतात. म्हणून एकच विचारलं, नमुना कसा सुकवला?

सर : नेहमीसारखाच.

मॅडम : किती अंशांवर? किती तास?

सर : इतक्या वर्षांनी कोणाच्या लक्षात राहतं?

काका : माझ्या आहे. ती पावडर महाबिलंदर, साहेब. झाकण उघडं राहिलं की हवेतलं पाणी पीत बसायची. वजन पाण्याचं वाढतं, आपल्याला वाटतं माल वाढला. बाईंनी मंगळवारी तशीच तोलली. मग शंका आली म्हणून बुधवारी चार तास भट्टीत ठेवून पुन्हा तोलली. काट्यावर मीच होतो. सहा टक्के पाणी निघालं.

सर : कोण बाई?

मॅडम : काका, तुम्ही सांगू नका. सरांना आठवू दे.

(खुर्ची डुगडुगते.)

सर : प्रकल्प माझा होता. यंत्र मी आणलं होतं.

मॅडम : आणलंत, मान्य. आठ महिने त्याच्यासमोर मी बसले. मंगळवारी म्हणालात, वही नुसती बघायला दे. बुधवारी सकाळी, मी नमुना सुकवायच्या आधी, परत केलीत. निबंध छापून आला तेव्हा वर तुमचं नाव आणि तुमच्या भाच्याचं. भाचा प्रयोगशाळेत फक्त चहाला यायचा. माझी शिष्यवृत्ती संपली, प्रबंध बुडाला, सहा वर्षं घरोघरी गणिताच्या शिकवण्या केल्या.

सर : नंतर नोकरी दिली ना तुला? या खोलीत मीच बसवलं.

मॅडम : बसवलंत. आकडे भरायचं काम आहे, डोकं लागत नाही, असंही म्हणालात. चोरानंच किल्ली हातात दिली म्हणायची.

सर : भाच्याची संचालकपदाची मुलाखत पंधरा दिवसांवर आहे. ठाऊक होतं तुला.

मॅडम : होतं.

सर : रकाना कोरा सोड. माहिती उपलब्ध नाही, असं लिही. कितीतरी निबंधांत लिहितात.

मॅडम : लिहितात. पण इथं उपलब्ध आहे. माझ्या वहीत, बुधवारच्या पानावर.

सर : त्या पानावर तारीख असेल.

मॅडम : आहे.

सर : म्हणजे तेवीस वर्षं तुला ठाऊक होतं, आणि तू तोंड उघडलं नाहीस. किती जण त्या आकड्यावर विसंबले असतील?

मॅडम : अकरा गट. मोजलेत मी. एका मुलीचा प्रबंध परत पाठवला, तुमच्या आकड्याशी जुळत नाही म्हणून. तिचंच बरोबर होतं. तिनं विषयच सोडला.

सर : आणि तरी गप्प राहिलीस?

मॅडम : तुम्ही वर चढायची वाट बघत होते. भाचाही चढू दे म्हटलं. पाटावरून पडलं तर कुणाला लागत नाही.

सर : पान पाठवलंस तर मी चोर ठरेन. पण तू काय ठरशील? मी निवृत्त माणूस. तुला इथून काढतील.

काका : बाई, साहेब म्हणतात ते खोटं नाही.

सर : ऐक त्यांचं. काका, ती पावडरची बाटली आहे अजून?

काका : कपाटात आहे.

सर : मग झालं. आज सुकवा, आज तोला, आजची तारीख घाला. माझी चूक झाली एवढंच दिसेल. चोरी दिसणार नाही, तुझं गप्प बसणंही नाही. सगळेच सुटू.

मॅडम : किती चटकन सुचतं तुम्हाला. तेव्हाही असंच सुचलं असेल.

सर : तुझ्या भल्याचं सांगतोय.

मॅडम : त्या मुलीला पत्र लिहायला मी तीनदा बसले, सर. तिन्ही वेळा वाटलं, आत्ताच सांगितलं तर तुम्ही स्वस्तात सुटाल. पत्र तसंच राहिलं. तुमच्या हाताखाली शिकले ते असं उपयोगी पडलं. तिच्यापुढे मलाही सुटायचं नाही. काका, मंगळवारचं पान झालं ना स्कॅन करून?

काका : झालं.

मॅडम : आता बुधवारचं ठेवा.

सर : अगं, थांब जरा. दोन दिवस तरी विचार कर.

काका : ठेवलं, बाई. झाकण लावू?

मॅडम : पान जरा सरळ करा. तारीख कापली जातेय.