‘जमत नाही’ हेही उत्तर

रेणू : पुन्हा बघ, भुपेंद्र. सिस्टिमनं तिघांना एकच निरोप दिला, ‘झोप’. केबलचं कार्ड झोपलं, वायफायचं झोपलं. तुझ्या मोडेमनं काय उत्तर दिलं?

भुपेंद्र : ‘झालं’ म्हणते ना, ताई.

रेणू : म्हणतंय. पण टक्क जागं आहे. बॅटरी बघ किती उतरली! ही मदत मागायची पेटी सोमवारी नागझिऱ्याच्या गेटवर लागायची आहे. उद्या कोणी जंगलात अडकलं आणि पेटीच बंद, मग?

भुपेंद्र : मोडेम जुनं हाय. त्याले झोपताच येत नाही.

रेणू : हे तुला माहीत होतं?

भुपेंद्र : हो.

रेणू : मग मोडेमच्या कोडमध्ये ‘झालं’ का लिहून ठेवलंस?

भुपेंद्र : तू एवढी खपून सगळ्या कार्डांसाठी सारखे निरोप बसवले. माह्याच मोडेमपायी घोडं अडलं असतं.

रेणू : अरे, त्यासाठीच तर ‘जमत नाही’ हे उत्तर ठेवलंय मी! तसं कळलं, की सिस्टिम मोडेमची वीजच तोडते. काहीच अडत नाही. खोटं ‘झालं’ आलं, की मात्र सगळे निर्धास्त.

भुपेंद्र : मले वाटलं, तू चिडशील.

रेणू : मी काय वाघ आहे?

पुष्पाबाई : (चहा घेऊन येत) काऊन भांडून राहिले गा बहीणभाऊ? चहा घ्या. भुपेंद्र, मामाचा फोन होता. सोमवारपासून राइस मिलवर ये म्हणते.

रेणू : सोमवारी? सोमवारी हा माझ्यासोबत नागझिऱ्याला येतोय.

पुष्पाबाई : मले तर हो म्हणला.

रेणू : मलाही हो म्हणाला. आई, तू मामाचं दुखणं सांगून गळ घातली असशील. याला कोणाचं मन मोडवत नाही. भुपेंद्र, सांग तिला. एकदा स्पष्ट सांगून टाक.

पुष्पाबाई : सांग, बाबू. माही काही जबरदस्ती नाही.

भुपेंद्र : मले मिलवर जायाचं हाय, ताई.

रेणू : काय?

भुपेंद्र : तिथं मन लागते माहं. धान हातात घेतलं, की तांदूळ कसा पडंल ते समजते. इथं मी रोज भीत भीत लॅपटॉप खोलतो.

रेणू : दोन वर्षं बोलला का नाहीस रे?

भुपेंद्र : तू पुण्याची नोकरी सोडून आली. आल्या आल्या म्हणली, ‘दोघं मिळून करू, जमेल ना?’ इतकी खूश होती तू. नाही कसा म्हणू?

रेणू : सोमवारी येशील?

भुपेंद्र : नाही. पण मोडेमचं हे उत्तर आत्ता दुरुस्त करून देतो. सरक जराशी.

रेणू : कर.

पुष्पाबाई : रेणू, रडून राहिली काय वो?

रेणू : नाही. …हो, रडून राहिली. बस ना आई, जराशी.