तीन महिन्यांखालचं बाळ रांगेत थांबत नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाई, सिस्टर मंडळी आणि समोर बसलेल्या आईबापांनो! बाळाच्या अंगावरचा लाल डाग दाखवायला आपण गेलो आणि रुग्णालयाच्या खिडकीतून उत्तर आलं, "दोन महिन्यांनंतरची तारीख मिळेल." दोन महिने! डाग काय त्यांच्या तारखेसाठी वाढायचा थांबणार आहे?

पण आज आधी स्वतःलाच चार शब्द सुनावतो. माझी नात तीन आठवड्यांची असताना तिच्या पापणीवर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका आला. सून म्हणाली, "बाबा, दाखवून येऊ." मी उभं आयुष्य भाषणं केलेला माणूस! असले डाग आपोआप जातात, हे तिला अर्धा तास पटवलं. बालसंगोपनाच्या पुस्तकातला परिच्छेद वाचून दाखवला. परिच्छेद खरा होता, बहुतेक डाग जातातच. पुढचं पान मात्र मी उलटलं नव्हतं.

तीन आठवड्यांत त्या ठिपक्याची लालबुंद गाठ झाली आणि डोळा मिटत चालला. शेजारणी सुनेलाच विचारू लागल्या, "पोटात बाळ असताना काय खाल्लं होतंस गं?" एके सकाळी मला न विचारता ती बाळाला घेऊन निघाली. मी मागोमाग, पुस्तक काखेत!

खिडकीशी तारखेवरून हुज्जत चालू होती. तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या, बाळ पाहिलं आणि कारकुनाला म्हणाल्या, "तीन महिन्यांखालचं बाळ रांगेत थांबत नाही." आत गेल्यावर मी पुस्तक उघडलं.

"आजोबा, भाषण नंतर. आधी डोळा."

या वयात डोळा झाकलेला राहिला तर तो नीट बघायला शिकत नाही, हे त्यांनी सांगितलं. पारदर्शक कागद धरून गाठीची कड पेनानं उतरवली. त्या औषधानं नाडी मंदावू शकते, म्हणून पहिला डोस दिल्यावर दोन तास ती तपासत राहिल्या. सिस्टर मला दटावत होत्या, "आधी दूध, मग औषध. उपाशीपोटी दिलंत तर गाठ माझ्याशी आहे!" पुढे हळूहळू प्रत्येक भेटीतली कड आधीच्या कडेच्या आत येऊ लागली. डोळा पूर्ण उघडला, तेव्हा मी सुनेला म्हणालो, "चुकलो." ती हसली. "बाबा, तुमचं एवढं छोटं भाषण पहिल्यांदाच ऐकलं!"

डॉक्टरबाई, नात आता सहा वर्षांची आहे. मला सुईत दोरा ओवून देते. याहून मोठे आभार मला मानता येत नाहीत.

पण मंडळी, बाईंचा तो नियम कुठेही लिहिलेला नाही. तो फक्त त्यांचा शब्द होता, आणि उद्या सकाळी त्या खिडकीशी नसतील. मग उद्याच्या बाळानं काय करायचं?

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचा आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर माझ्या वयाकडे बघून सोडून द्या. दाराजवळच्या टेबलावर रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला लिहिलेलं पत्र आहे. मागणी एकच: लाल डागाचं तीन महिन्यांखालचं बाळ आलं, की त्याच दिवशी तपासा. सही केल्याशिवाय कुणीही चहाकडे वळू नका!