मनातले दहा प्रश्न

झेरॉक्सच्या दुकानात दोन आया वही उघडून उभ्या होत्या. दुकान बोळाएवढं, त्यामुळे झेरॉक्सवाल्याला कान बंद ठेवायची सोयच नव्हती.

"दादा, शाळेच्या उपक्रमासाठी या पानाच्या चाळीस प्रती. सगळ्या वर्गाला पुरायला हव्यात."

"कसला उपक्रम म्हणे हा?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

"'प्रश्न विचारायला शिका.' प्रत्येकाने स्वतःच्या मनातले दहा प्रश्न लिहून न्यायचे. जग बदललं ना आता, पाठांतराचे दिवस गेले!"

"अगं बाई, आमचा तर काल रडकुंडीला आला," दुसरी म्हणाली. " म्हणे, आई, मनातले प्रश्न कुठल्या गाईडमध्ये मिळतात?"

"म्हणून तर वर्गाच्या बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीचे नमुना म्हणून सगळ्यांना द्या. तपासायलाही सोपं जातं."

"हुशार आहे हो तुमची लेक!"

"कसली हुशार डोंबलाची! दहाही मीच काढून दिले. अकरावा तेवढा तिने आपल्या मनाने घुसडला आणि माती खाल्ली. दादा, त्या शेवटच्या ओळीवर कोरी पट्टी ठेवा बरं."

झेरॉक्सवाल्याने ओळ वाचली. 'बाई, तुम्हाला काय येत नाही?' शेजारी लाल शाईत शेरा होता: 'अभ्यासक्रमाबाहेरचा.'

त्याने पट्टी ठेवली आणि बटण दाबलं. पहिली प्रत बाहेर आली.

"ताई, खाली मोकळी जागा दिसतेय."

"दिसू दे की. तिथे मुलांना सही करायची आहे."

"कशाबद्दल?"

"हे प्रश्न माझे स्वतःचे आहेत म्हणून."