बुढ्याची बाज अन् कडीपत्ता

माहं माहेर धनजचं, दिलं अनसिंगले, अन् तवापासून वावर निंदणं अन् बुढ्याचा, म्हंजे माह्या मालकाचा, हेका झेलणं, काय सांगू तुमाले, हेच माहं आयुष्य. मागच्या साली त्यायले लकवा झाला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दिवसभर बाजेवर पडून भिताडाकडे पाहत, जेवा म्हणलं तरी हूं नाई. मले भेव वाटे का हा माणूस भिताडाकडे पाहता पाहताच जाईन.

शेजारच्या मास्तरीणबाई म्हणल्या, काकू, आंगणात फुलपाखरं येऊ द्या, काकायले पाहाले होईन. मी झेंडू लावला. तं बाई म्हणल्या, नुसत्या फुलानं भागत नाई, ते अंडे कडीपत्त्यावर घालतेत, अळ्या पानं खातीन, खाऊ द्या. मंग मी बाजच कडीपत्त्याखाली ओढली. काळी फुलपाखरं आली, अळ्या झाल्या, आधी पाखरानं शिटल्यावानी, मंग हिरव्यागार. अन् एक दिवस पाह्यलं तं बुढा डाव्या हातानं अळ्या चेचून राह्यला! सारी उमर वावरात कपाशीच्या पराटीवरच्या अळ्या मारल्या, तो हात थांबते काय? म्हणलं काहून मारता हो, तुमच्यासाठीच तं पोसून राह्यली. तं म्हणते, तुहं झाड वाचवून राह्यलो. अन् हासले, लकव्यानंतर पहिल्यांदा. रोज माहं तोंड चाले अन् त्यायचा हात.

एक अळी मातर बाजेच्या पायाले चिकटली, तिथं त्यायचा हात पुरेना. तिचा कोश झाला. एका सकाळी तो फुटला अन् ओल्या पंखाचं फुलपाखरू बाजेच्या दोरीवरून चढत त्यायच्या लुळ्या हाताजवळ येऊन बसलं. बुढ्यानं श्वास धरला. मले म्हणते, हे अळीचं होय? होय, म्हणलं, तुमी रोज चेचता तिचंच. त्यायच्या डोळ्यातून पाणी गेलं. मलेही रडू आलं, खोटं कायले सांगू.

तवापासून नवा ताप. मी फोडणीले चार पानं तोडाले गेली का ते काठी आपटतेत, हात लावू नको, अंडे असतीन. घरात एवढं झाड अन् मी बाजारातून कडीपत्ता आणतो! लोकं हासतेत. वैताग आणला बापा या माणसानं.

पण भिताडाकडे पाठ करून बसतेत आता. असेच काठी आपटत राहो म्हणा.