मशीनला लागलेली सवय

— नाही हो दादा, रात्री जेवणानंतर ती काही तोंडात घालत नाही, माझ्या पोटची पोर आहे, मला माहीत नसणार तर कुणाला? आणि तो लॅपटॉप माझ्याकडे कशाला फिरवताय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शाळेचे गणवेश शिवते मी, टेपवरच्या आकड्यांपलीकडे माझी मजल नाही. मशीनच्या कंपनीचे तुम्ही, तुम्हालाच कळायचं. डॉक्टर म्हणाले, कंपनीचा माणूस येईल, मशीनमध्ये काय साठलंय ते वाचेल, आणि संध्याकाळी ते पोटातून काढून टाकायचं. काढाच एकदाचं! विश्वास ठेवला हो त्याच्यावर. ठमीनं तर जिवापाड — ठमीच म्हणते मी तिला, ऑफिसात नकाशे काढणारी मोठी बाई असली तरी. परवा ट्रेनिंगला म्हणून दुसऱ्या गावी गेली, हॉस्टेलवर पहिलीच रात्र, आणि सकाळी खोलीतली मुलगी उठवायला जाते तर ही पलंगाखाली पडलेली, घामानं भिजलेली, हाका मारून उठेना. आज डोळे उघडलेत, पण जीभ अजून जड आहे. मला बघून म्हणाली, आई, मशीननं असं कसं केलं गं? काय सांगू मी तिला?

लहानपणापासून साखरेचा आजार, इन्सुलिनच्या सुया तिला. दिवसातून चार-चारदा मीच टोचायची — तिच्या पोटावरची माझ्या बोटांना पाठ नाही अशी जागा नाही. एकदा झोपेत साखर उतरली तिची, पहिलीत होती, हातपाय ताडताड उडायला लागले, दातखीळ बसली, मी बोटानं मध चोळला हिरड्यांना आणि नुसती ओरडत सुटले. तेव्हापासून रात्री उठून तिच्या मानेखाली हात घालून बघायचं, घाम आहे का. आमचे हे म्हणायचे, पगारी राखणदारसुद्धा मधेच डुलकी काढतो गं. काढू दे, मी नाही काढली. चढलेल्या साखरेला मी कधी घाबरले नाही दादा, ती सावकाश मारते, उपाय करायला वेळ देते. उतरलेली एका झोपेत घेऊन जाते.

मग हे मशीन आलं — काडेपेटीएवढं, कातडीखाली बसवलेलं, आपणच साखर मोजणार, आपणच साखर उतरवायचं लागेल तेवढं औषध सोडणार. डॉक्टर म्हणाले, आई, आता निवांत झोपा. आमच्या ह्यांनी लगेच मनावर घेतलं, त्या रात्रीपासून जे घोरायला लागले ते आजतागायत. मी कुठली झोपतेय! आणि बाईसाहेबांनी काय करावं? खोलीला आतून कडी. 'आई, आता तू येत जाऊ नकोस, मशीन आहे ना.' प्रेमानंच म्हणाली हो, पण लागलं मला. दाराला कान लावून उभी राहायचे — दारातून कुठे श्वास ऐकू येतो?

काय म्हणालात? रोज त्याच वेळेला साखर वर चढते? असेल... हां, दूध घेते ना. दूध म्हणजे काय खाणं झालं का! कपभर, झोपायच्या आधी, मीच देते. साखर? छे, साखर कशाला — चिमूटभर. नाही, म्हणजे सुरुवातीला चिमूटभर. असं बघू नका दादा, माझी बाजू ऐका. कडी लावली तिनं! मग मी आत जाऊन बघू कशी? म्हटलं, थोडी चढलेली असू दे, म्हणजे उतरायची भीती नाही. तिला नाही माहीत. एकदा म्हणाली, आई, दूध गोड लागतंय. म्हटलं, दूधवाला बदललाय. मग हळूहळू वाढवली — हळूहळू वाढवली की जिभेला कळत नाही — कारण सकाळी तिच्या फोनवर मशीनचा आकडा बघावा तर साखर आपली जागच्या जागी, अगदी छान! मला वाटलं, पुरत नाहीये. म्हणून अजून अर्धा चमचा. मग अजून.

— शिकतं? म्हणजे? मशीन शिकतं?

हळू सांगा. रोज रात्री साखर चढते हे बघून बघून ते आधीच औषध सोडायला लागलं... दूध यायच्या आधीच. आणि हॉस्टेलवर — हॉस्टेलवर तिला दूध कोण देणार? तिथेही सोडलं त्यानं? रोजच्यासारखं? मग खाली यायला लागली तेव्हा थांबायचं नाही का मेल्यानं! ... थांबलं होतं. पण एकदा आत गेलेलं परत घेता येत नाही. हो. ते मला माहीत आहे. इतकी वर्षं सुया दिल्यात मी, मला नाही माहीत होय?

हे बघा. मशीन बिघडलं असं लिहा ना. मशीनचं काय जातंय? तुमच्या कंपनीला एका मशीननं काय फरक पडतो? काढू दे त्यांना. परत सुया सुरू करू, मी आहे ना द्यायला, ती घरी राहील, माझ्या डोळ्यांसमोर — त्या मशीनच्या जिवावर तिनं वेगळी खोली बघितलीय, ऑफिसजवळ, आगाऊ भाडंसुद्धा भरलंय, मला कालच कळलं. बरंच आहे की, जायलाच नको. कशाला जायचं? ... काय बोलतेय मी हे!

दादा, ती मला विचारतेय, मशीननं असं कसं केलं. त्याला नावं ठेवतेय पोर. तिला खरं कळलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. आणि नाही कळलं तर संध्याकाळी चांगलं मशीन कापून काढतील, आणि ती जन्मभर माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

उठलात? डॉक्टरांकडे? त्यांची खोली त्या टोकाला आहे, डावीकडे. नाही, मी नाही येत. जा. अहो, थांबू नका, माझ्याकडे बघू नका — मी परत बोलायला लागले ना, तर तुम्हाला जाऊ देणार नाही. जा म्हणते ना!