पाचशे ग्रॅम अक्षता

अप्पा: ...आणि हेही आत्ताच ऐकून ठेवा, म्हणजे नंतर कोणाची कुरकुर नको. आज सोमवार, अकरा नोव्हेंबर दोन हजार चोवीस. सकाळचे साडेदहा. हवेने कचरा ओढणारी यंत्रे दोन, गालिचा एक, वजनकाटा एक.

महांतेश: अण्णा, सगळी घरचीच माणसं, आन तुमी कोर्टात उभं केल्यावानी बोलायलाव.

अप्पा: घरची आहेत म्हणूनच. परकी असती तर दोन वाक्यांत उरकले असते. वायुराज कंपनीचे यंत्र माझ्या धाकट्या भावाचे आणि सोनसळी कंपनीचे माझ्या सुनेचे. मी कोणाच्याही बाजूने जरा कललो, तर उद्या सगळ्या तेलगावात तोच विषय.

प्रणिता: अप्पा, बबनराव थांबणार नाहीत का? मंगल कार्यालय त्यांचं, मशीनही त्यांनाच घ्यायचीत.

अप्पा: ते मंडपवाल्याकडे माजलगावला गेले. बुधवारपासून तुळशीची लग्ने, मग माणसांची. कार्यालयाला उसंत नाही, म्हणाले. पाच यंत्रे घेणार, कोणती ते अप्पा सांगतील. मी त्यांना म्हटले, अप्पा सांगणार नाही, काटा सांगेल. साडेअकराला परततील.

महांतेश: काटा कशाला लागतोय? गेल्या बाजारी मी त्यांना दावलंच की. वायुराजनं वीट उचलली. अख्खी, भाजलेली. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत.

प्रणिता: आणि मग त्यांचं उपरणं.

महांतेश: उपरणं आपसूक गेलं. ती बी ओढच हाय.

प्रणिता: अर्धं पाइपात होतं काका, आणि अर्धं त्यांच्या गळ्यात. बटण कुठंय ते तुम्हाला सापडेना.

महांतेश: हास. माझं दोन हजार वॉटचं हाय. तुझं किती ते सांग की अण्णाला.

प्रणिता: साडेआठशे.

महांतेश: ऐकलं का, अण्णा?

अप्पा: ऐकले. वॉट म्हणजे यंत्र वीज किती खाते त्याचा आकडा. काम किती करते त्याचा नव्हे. औरंगाबादच्या तंत्रनिकेतनात हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले आणि पुढे वर्कशॉपात मी जन्मभर तेच शिकवत आलो. घरात मात्र ते कोणाला शिकवता आले नाही, असे दिसते.

महांतेश: घ्या. आमचीच काढली.

अप्पा: बबनरावांना विटा उचलायच्या नाहीत. एक लग्न लागले की दुसरे वऱ्हाड दारात येते. तेवढ्या वेळात गालिच्यावरच्या अक्षता निघाल्या पाहिजेत. म्हणून परीक्षाही अक्षतांचीच. पाचशे ग्रॅम पसरायच्या, यंत्र पाच मिनिटे चालवायचे, मग त्याचा डबा काट्यावर रिकामा करायचा. जास्त वजन ज्याचे, त्याची पाच यंत्रे.

महांतेश: कबूल. पर प्रणिता, एक आधीच सांगतो, मागून म्हणशील काकानं सांगितलं न्हाई. तुझ्या कंपनीचा माणूस परवा माझ्या दुकानी चहा पिऊन गेला. म्हणला, महिनाअखेरपर्यंत हिच्याकडून मोठी ऑर्डर न्हाई आली, तर सोनसळीची एजन्सी काढून तुमाला देतो.

प्रणिता: मलाही तोंडावर तेच सांगून गेला. चहा माझ्याकडंही पिला.

महांतेश: मग वाईट वाटून घिऊ नको. दोन्ही कंपन्या एका काउंटरवर येतील. तू बी येऊन बस तिथंच. घरचीच हायस, पगार देतो.

प्रणिता: शाळेतली नोकरी सोडून मी दुकान टाकलं, ते दुसऱ्याच्या काउंटरवर बसायला नाही, काका.

महांतेश: चुलत सासरा दुसरा हुतो काय?

प्रणिता: घरात नाही. धंद्यात होतो.

अप्पा: हे बोलणे इथेच थांबवा. प्रणिता, ती पिशवी सोड आणि काट्यावर ओत.

प्रणिता: अप्पा... ही तर ज्वारी आहे.

अप्पा: अक्षता आहेत. हळदीकुंकवात घोळलेल्या, बबनरावांच्या कोठीतल्या.

प्रणिता: पुण्याच्या ट्रेनिंगला आम्हाला तांदळावर शिकवलं. घरीही मी आठवडाभर तांदूळच सांडत बसले होते.

महांतेश: पुण्यात उडवीत असतील तांदूळ. आपल्याकडं ज्वारीच. तुझं लगीन बी ज्वारीवरच लागलंय की.

प्रणिता: तेव्हा मी खाली मान घालून उभी होते. डोक्यावर काय पडतंय ते बघायची सोय होती का?

महांतेश: हे मातर खरं.

अप्पा: दोघांनाही सारखीच ज्वारी आहे. आता शेवटचा नियम. आमच्या वर्कशॉपात ज्याने काम केले, त्याने आपले माप आपण वाचायचे नाही, शेजारच्याने वाचायचे. महांतेशचे वजन प्रणिता वाचेल, प्रणिताचे महांतेश. माझ्या डोळ्यात औषध आहे, ऑपरेशनला आठवडा झालेला नाही. काट्यावर मला नुसता लाल उजेड दिसतो, आकडा दिसत नाही.

महांतेश: म्हंजे माझा आकडा हिच्या हातात?

अप्पा: आणि तिचा तुझ्या.

महांतेश: बरं. पयली पाळी माझी. मोठ्याचा मान.

(महांतेशने यंत्र लावले. पुढच्या तोंडातला ब्रश गरगर फिरू लागला आणि गोल दाणे त्याखालून सुटून चहूकडे उडाले. काही स्टेजच्या पायरीपर्यंत, काही थेट अप्पांच्या धोतरावर.)

प्रणिता: काका, गोळा करताय का पेरणी चाललीय?

महांतेश: गप गं. मोजू दे. किती झालं? वाच.

प्रणिता: तीनशे अठरा.

महांतेश: तीनशे? सरक बाजूला, मला बघू दे. ...तीनशे अठराच हाय. कावून असं झालं, अण्णा? कापूस उचलतंय, माती उचलतंय, ह्यालाच काय झालं?

अप्पा: कापूस घरंगळत नाही. ज्वारीचा दाणा गोल. फिरत्या ब्रशचा फटका बसला की ओढ लागण्याआधीच तो पुढे पळतो. मोटर कितीही मोठी असली तरी, जो दाणा तोंडाखाली आलाच नाही, त्याला ती काय ओढणार?

प्रणिता: अप्पा, माझ्या मशीनलाही पुढं ब्रशच आहे. पण पेटीत दुसरं तोंड येतं, साधं, बिनब्रशचं. ते लावलं तर चालेल?

अप्पा: पेटीत कंपनीने जे दिले ते चालेल. दोघांनाही. महांतेश, तुझ्याही पेटीत ते असणार. काढ आणि पुन्हा एकदा चालव. ज्वारीवर तुम्ही दोघांनीही यंत्र कधी चालवले नव्हते, तेव्हा पहिली फेरी मी धरत नाही.

महांतेश: पेटीत न्हाई.

अप्पा: का नाही?

महांतेश: दिंद्रुडच्या सटवा टेलरला दिलं. त्याला शिलाई मशीनीखालचं सूत काढायचं व्हतं. नुसतं तोंड मागितलं, दिलं.

प्रणिता: काका सगळ्याच पेट्या फोडतात, अप्पा. पाइप एकाला, तोंड दुसऱ्याला. मशीन घेणाऱ्याला उरलेलं.

महांतेश: धंदा हाय त्यो. गिऱ्हाइकाला मोकळ्या हातानं कावून धाडावं?

अप्पा: दिंद्रुडला माणूस जाऊन येईपर्यंत बबनराव येतील. त्यांना दिलेली वेळ मी मोडणार नाही.

महांतेश: मग धरा माझं तीनशे अठरा. काय करता आता. न्हाईतरी आमी पेटी फोडनारेच.

प्रणिता: काका, माझं साधं तोंड घ्या.

महांतेश: कावून?

प्रणिता: लावून बघा तर. बसलं तर बसलं.

अप्पा: प्रणिता, बोलण्याआधी विचार कर. नियमाने तू त्याला काहीही देणे लागत नाहीस. साधे तोंड लागले की त्याची मोठी मोटर खरोखर काम करू लागेल. या क्षणी तू जिंकल्यातच जमा आहेस.

प्रणिता: विचार केला, अप्पा. आज मी अशीच जिंकले, तर काका चौसाळ्यापर्यंत सांगत जातील, तोंड नव्हतं म्हणून हरलो, न्हाईतर दाखवली असती. आणि लोकांना ते पटेल. मला पाच मशीनवर थांबायचं नाहीये. पुढच्या प्रत्येक कार्यालयात मला हेच ऐकावं लागेल.

महांतेश: मी आसं सांगीन?

प्रणिता: तुम्ही सांगाल.

महांतेश: ...सांगीन खरं.

अप्पा: आण दोन्ही पाइप इकडे. बोटाने चाचपतो. व्यास सारखाच लागतो आहे, जरा सैल आहे इतकेच. प्रणिता, ती चिकटपट्टी दे. एक वेढा पुरे. आता बसले. महांतेश, दाणे पुन्हा गोळा करून तोलून घे, पाचशे भरले की सुरू कर.

महांतेश: अण्णा, पाच मिनिटांचा गजर लावा. ...हे बघा! आता कसं जातंय. खडखड खडखड. दोन हजार वॉट उगंच न्हाईत.

प्रणिता: चांगलं ओढतंय.

महांतेश: घाबरलीस?

प्रणिता: चांगल्याला चांगलं म्हणायला काय घाबरायचं?

महांतेश: निस्तं हे तोंड गालिच्याला चिकटायलंय. उचलून उचलून ठेवावं लागतंय.

अप्पा: ओढ जास्त झाली की तसेच होते. बोलू नकोस, तुझी मिनिटे चालली आहेत. ...थांब. झाली पाच. डबा काट्यावर. प्रणिता, वाच.

प्रणिता: चारशे एकोणऐंशी.

महांतेश: किती?

प्रणिता: चारशे एकोणऐंशी, काका. या, बघा.

महांतेश: न्हाई बघत. तू कमी सांगितलं असतंस तर बघितलं असतं. एकवीस ग्रॅम राहिलं फकस्त! अण्णा, ध्यानात ठेवा बबनरावांसाठी.

अप्पा: अजून अर्धी परीक्षा व्हायची आहे. प्रणिता, ते तोंड परत तुझ्या पाइपाला लाव, आता तुझी पाळी. हात का थांबला?

प्रणिता: थांबला नाही. दांड्यावरची ही खिडकी उघडतेय. थोडी हवा वरून आत गेली की तोंड गालिच्याला चिकटत नाही.

महांतेश: आधीच साडेआठशे, त्यात आणखी हवा सोडून देती. ओढच उरायची न्हाई तुझ्या मशीनला.

प्रणिता: काका, तुमचं तोंड उचलून ठेवताना मी मोजत नव्हते, पण दर खेपेला काठाचे दाणे निसटत होते. मला उचलायचंच नाही. एका बाजूनं धरलं की दुसऱ्या बाजूपर्यंत सलग न्यायचं. सारवल्यासारखं.

अप्पा: पाचशे भरले ना? मग सुरू.

महांतेश: लई सावकाश चालली अण्णा ही. पाच मिनिटांत निम्मा गालिचा हुतोय का न्हाई.

अप्पा: तू बोललास की तिला घाई होईल असे वाटते का तुला?

महांतेश: जरा वाटलं व्हतं.

अप्पा: तिने शाळेत साठ मुलांचा वर्ग सांभाळला आहे. तू एकटा आहेस.

महांतेश: काठाला वळली. परत फिरली. ...कडेला जास्त थांबती ही. गालिच्याच्या दोऱ्यात अडकलेला एकेक दाणा काढती.

अप्पा: थांब. झाली पाच. प्रणिता, डबा महांतेशच्या हाती दे आणि काट्यापासून दूर हो.

प्रणिता: घ्या, काका. मी वायर गुंडाळते तोवर.

महांतेश: अशी पाठ करून कावून उभी राहिलीस? इकडं बघ की.

प्रणिता: माप शेजारच्यानं वाचायचं. मला काय करायचंय बघून?

अप्पा: महांतेश, आकडा.

महांतेश: थांबा, हलतोय अजून. पंख्याचं वारं लागतंय काट्याला.

प्रणिता: पंखा बंद केला.

अप्पा: आता स्थिर झाला असेल.

महांतेश: झालाय. अण्णा, तुमाला खरंच दिसत न्हाई का इथून?

अप्पा: लाल उजेड दिसतो. तू जो सांगशील तोच आकडा मी बबनरावांना देणार.

महांतेश: आन हिची एजन्सी?

अप्पा: तीही त्याच आकड्यावर.

महांतेश: प्रणिता.

प्रणिता: बोला, काका.

महांतेश: चारशे ब्याण्णव.